जर्दाळूच्या कमरेचा पट्टा

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” सोत्वोल्दी आकाने चायखान्याच्या खाटेवर मांडी ठोकत सांगून टाकलं, “पण माझ्या जर्दाळूचं खोड तहानेनं मनगटाएवढं झालंय.”

इस्फाराच्या कालव्यात या आठवड्यात एकाच बागेपुरतं पाणी होतं. एरवी जो जास्त ओरडेल त्याला ते मिळायचं. यंदा शहरातून शेतीतज्ज्ञ बाई आल्या, झाडांची तहान मोजायची यंत्रं देऊन गेल्या, आणि गावची भांडणं एकदम शास्त्रीय झाली. शेजारच्या महकामने आपल्या द्राक्षांसाठी पान दाबायचं भांडं घेतलं. देठातून थेंब यायला जितका दाब जास्त लागेल, तितकी तहान मोठी. काम कटकटीचं, भर उन्हात पान तोडायला जावं लागे. आकाने खोडाला बांधायचा पट्टा निवडला. तहानलेलं खोड दिवसा केसभर आकसतं, ते हा पट्टा टिपतो. आकाला त्याचा एकच गुण भावला होता: तो हाताने सैल करता येतो.

ज्याची बाग जास्त तहानलेली, त्याला पाणी; ती कोणाची, ते पाटकरी युल्दाश आज सांगणार होता.

“माझ्या वेलींचा थेंब निघता निघेना,” महकाम म्हणाला. “भांड्याचा काटा पार शेवटाला टेकला.”

“तुझ्या वेली तुझ्यासारख्याच कंजूष, बाबा. त्याचा तहानेशी काय संबंध?” आका म्हणाला.

युल्दाश हसला. त्याने आकाच्या पियाल्यात चहा ओतला. “हं, मनगटाएवढं. पुढे?”

पाणी पदरात पडल्यातच जमा होतं. खरं तर पहाटेच आकाने कालव्याची फळी उचलून बाग काठोकाठ भरून घेतली होती. पण जर्दाळू भरायला आलेले. एक पाणी चोरीचं, एक हक्काचं, इतकाच त्याचा साधा विचार.

“सकाळी बघतो, तर खोड डोळ्यांदेखत आकसतंय. पट्टा सुटला. कमरेवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घोट्यावर. झाड बिचारं लाजून फांद्यांनी धरायला वाकलं. पण पट्टा कसला थांबतोय...”

युल्दाशचा नानचा घास हातातच राहिला. इतकं मन लावून आकाचं कोणी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आका पाणीबिणी सगळं विसरला.

“...आणि शेवटी पडला खाली. छपाक् करून. दोन बेडूक टुणकन उडाले.”

महकामने पियाला सावकाश खाली ठेवला.

“आका, कोरड्या बागेत पट्टा छपाक् कसा वाजला?”