पाचच्या गाडीआधी

भोंग्याचा आवाज गेला तेव्हा अख्ख्या गल्लीला ते कळलं, कारण गल्ली एकाएकी शांत झाली. हा माणूस कुजबुजला तरी समोरच्या घरातलं बाळ दचकून उठायचं. म्हणून तर त्याला भोंगा म्हणत; रागावली की त्याची बायकोही तेच म्हणायची. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, श्वासासाठी गळ्याला एक भोक ठेवलं आणि हातात पाटी-पेन्सिल दिली. जीव वाचला. त्याबद्दल भोंगा रोज सकाळी देवाचे आभार मानी आणि लगेच मान खाली घाली. कारण आवाज होता तेव्हा एक काम करायचं राहून गेलं होतं.

काम साधंच होतं. कापडाच्या गिरणीत त्याच्या समोरच्या मागावर सव्वीस वर्षं एक उंच, वाळका माणूस उभा असे. त्याला सगळे लांब्या म्हणत. शंभर मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथले विणकर एकमेकांचे ओठ वाचतात. शिकवत कुणी नाही, दोन-चार महिन्यांत आपोआप जमायला लागतं. या दोघांनी असं ओठांनी एकमेकांना काय म्हणून सांगितलं नव्हतं! सासूची भांडणं, मूळव्याध, दाढदुखी, मुकादमाचे केस खरे की खोटे. पण भोंगा दर रविवारी चर्चमध्ये छप्पर हलेल अशा आवाजात ज्याची गाणी गायचा, त्या येशूबद्दल सव्वीस वर्षांत त्यानं लांब्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

त्याचं कारण मोठं नामी होतं. पहिल्याच वर्षी गिरणीच्या फाटकाशी एक प्रचारक कर्णा घेऊन उभा राहिला होता. लांब्यानं त्याची अशी हुबेहूब नक्कल केली की सगळे पोट धरधरून हसले. भोंगाही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार? पुढच्या महिन्यात सांगू, नवे माग आले की सांगू, असं करता करता दोघांचे केस पांढरे झाले.

आणि गेल्या वर्षी लांब्याची बायको गेली. कामावर परतला त्या दिवशी लांब्यानं मागावरून मान वर करून विचारलं होतं, "संपतं का रे सगळं तिथंच?" भोंग्याला उत्तर ठाऊक होतं, अगदी लहानपणापासून ठाऊक होतं. तो म्हणाला, "चल, सुट्टीत चहा पाजतो." ते आठवलं की अजूनही त्याची कानशिलं तापत.

आता तर लांब्या चालला होता. मुलानं त्याला दूरच्या शहरात बोलावून घेतलं होतं, कायमचं. आज शेवटची पाळी. तीनला सुटायचं आणि पाचच्या गाडीनं निघायचं. चार दिवसांपूर्वी तो निरोप घ्यायला घरी येऊन गेला होता, पण ती भेट फुकट गेली. मित्राच्या गळ्याकडे बघवेना म्हणून लांब्या पंख्याकडे, कपाटाकडे, स्वतःच्या चपलांकडे बघत एकटाच बडबडत राहिला आणि डोळे पुसत निघून गेला. ओठ वाचणाऱ्यानं तोंडाकडे बघायचंच नाही म्हटल्यावर कुणी काय करावं? लिहून द्यावं, तर लांब्याचं अक्षरांशी जन्माचं वैर. पगाराची सहीसुद्धा तो चित्र काढल्यासारखी काढायचा.

दुपारी एक वाजता भोंग्यानं पाटीवर लिहिलं, 'गिरणीत जातो.'

"अहो, वेड लागलंय का?" बायको म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? तिथली कापसाची धूळ गळ्यात गेली म्हणजे?"

त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, 'लांब्याला अजून सांगितलं नाही.'

काय सांगितलं नाही, हे तिला विचारावं लागलं नाही. वर्षभर ती त्याच्याबरोबर लांब्यासाठी प्रार्थना करत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या भित्रेपणावर चरफडतही होती. तिनं स्वच्छ फडकं भिजवलं, पिळलं आणि त्याच्या गळ्याभोवती बांधलं.

"हे कोरडं पडू देऊ नका," ती म्हणाली. "आणि या वेळी नुसता चहा पाजून परत येऊ नका."

गिरणीत पाऊल टाकलं आणि खडखडाट अंगावर आला, तसा भोंगा जागच्या जागी थबकला. पलीकडे मुकादम कुणाला तरी फैलावर घेत होता, त्याचा आवाज येत नव्हता. दोन बायका खदखदून हसत होत्या, त्यांचाही नाही. इथं कुणालाच आवाज नव्हता! तीन महिने तो स्वतःला मुका समजून घरात तोंड मिटून बसला होता, आणि इथं तो चारचौघांसारखा धडधाकट होता. आनंदानं त्याला रडूच फुटलं. इतकी वर्षं हीच जागा देवानं आपल्याला दिली होती आणि आपण इथं मुकादमाच्या केसांची चर्चा केली, असं वाटून तो लाजलाही.

त्याच्या जुन्या मागावर आता एक नवी विणकरीण होती. तिच्या शेजारी जाऊन तो उभा राहिला. समोर लांब्याचा धागा तुटून माग थांबला होता आणि तो वाकून गाठ मारत होता. सवयीनं त्यानं मान वर केली आणि थेट भोंग्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू?" लांब्याचे ओठ म्हणाले. "इथं कशाला मरायला आलास?"

"उत्तर द्यायला," भोंगा म्हणाला. "गेल्या वर्षी तू विचारलंस, सगळं तिथंच संपतं का. नाही संपत."

लांब्याच्या हातातला धागा तसाच राहिला.

"मी चर्चला जातो हे तुला माहीत आहे. कुणासाठी जातो ते मी कधी सांगितलं नाही, तू हसशील म्हणून. येशू देवाचा पुत्र आहे. माझं पाप, माझा हा भेकडपणासुद्धा, त्यानं स्वतःवर घेतलं आणि क्रुसावर मेला. त्याला पुरलं. तिसऱ्या दिवशी तो उठला. नुसती आठवण नाही राहिली, लांब्या, तो स्वतः उठला. त्याचा हात धरणाऱ्याला तो मरणातही सोडत नाही. तो तुला बोलावतोय."

लांब्या हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला.

"वर्षभर," तो म्हणाला, "वर्षभर मी छताकडे बघत पडून राहतोय. आणि हे तुझ्याजवळ होतं?"

"होतं."

"आणि तू मला चहा पाजलास?"

"पाजला. मला माफ कर."

एवढी जिव्हारी लागणारी बोलणी भोंग्यानं जन्मात कुणाची खाल्ली नव्हती, आणि एवढ्या आनंदानंही. कारण ज्याला पटलेलंच नाही, तो असा चिडत नाही.

"आणि ती?" लांब्यानं विचारलं.

"ती त्याच्या हातात. त्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत. माझ्यासाठी, तुझ्यासाठी, तिच्यासाठी. त्या हातांत मी कुणालाही निर्धास्त ठेवीन."

लांब्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग त्यानं पुन्हा वर पाहिलं.

"काय म्हणायचं त्याला? लवकर सांग."

"मी म्हणतो तसं म्हण. मनापासून असेल तरच."

मग भोंगा एकेक वाक्य ओठांनी सांगत गेला आणि लांब्या त्याच्यामागून म्हणत गेला. प्रभू येशू, मी तुला ओळखत नव्हतो. माझ्या पापांची क्षमा कर. तू माझ्यासाठी मेलास आणि उठलास. मी तुझा आहे, आता मला सोडू नकोस. शेवटचं वाक्य लांब्यानं स्वतःहून दोनदा म्हटलं. भोंग्यानं सहज बाजूला पाहिलं, तर नव्या विणकरणीचे ओठही हलत होते. तिच्या पलीकडचा म्हातारा डोक्यावरची टोपी काढून उभा होता. पार तिसऱ्या ओळीतली एक बाई हात हलवून विचारत होती, "मधलं निसटलं हो, पुन्हा सांगा! कोण उठला?"

भोंगा तिच्याकडे वळला आणि तोंड भरून सांगू लागला. गळ्यावरचं फडकं श्वासागणिक फडफडत होतं. सव्वीस वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं, आणि त्याच्या पूर्वीच्या त्या गडगडाटी आवाजालाही कधी एवढे श्रोते मिळाले नव्हते.

एवढ्यात मुकादम तणतणत आला. दहा मिनिटं एक माग बंद म्हणजे काय चेष्टा आहे? तो भोंग्याकडे बोट दाखवून दाराकडे हात करणार, तोच लांब्या मागाला वळसा घालून त्याच्या आडवा उभा राहिला. हा माणूस जन्मात कधी मुकादमासमोर मान वर करून बोलला नव्हता. आज त्यानं त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला स्वतःकडे वळवलं.

"साहेब, माझ्या तोंडाकडे बघा," लांब्या म्हणाला. "एक गोष्ट सांगायची आहे. आणि मी काही याच्यासारखी सव्वीस वर्षं लावणार नाही, माझी पाचची गाडी आहे."