अर्धविराम आणि डावरी कात्री

मंडळी, ‘आमच्याकडे तर चालतंय!’ हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नाही, असं होणारच नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, दुकानदार म्हणतो आणि खरं सांगायचं तर वेळ आली की आपणही म्हणतो. आमच्या गोष्टीतला तरुण तर दिवसातून दहा वेळा ते टाइप करायचा.

ऑफिसात सगळे त्याला ‘झटपट’ म्हणत. त्याने एक छोटं, फुकट वापरायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, की यंत्रातल्या नोंदींचा तक्ता तयार! देशोदेशीचे लोक ते वापरत आणि तक्रारीही पाठवत. ऑफिसची पद्धत अशी, की आठवड्यात जो सर्वांत जास्त तक्रारी निकालात काढेल त्याला खिडकीजवळची खुर्ची. झटपट सात आठवडे त्या खुर्चीत ठाण मांडून बसला होता.

एका शनिवारी तो लॅपटॉप काखोटीला मारून आत्याकडे गेला. आत्या कपडे शिवायची. टेबलावर निळं कापड पसरलं होतं, त्यावर खडूच्या रेघा.

“आत्या, ही गंमत ऐक,” म्हणत त्याने एक पत्र वाचून दाखवलं. परदेशातल्या एका नर्सचं होतं. ती नवजात बाळांच्या वॉर्डात काम करायची.

‘आमच्या देशात दशांशासाठी टिंब नाही, स्वल्पविराम देतात. अडीच किलो म्हणजे २,५. तुमचं सॉफ्टवेअर रकानेही स्वल्पविरामानेच वेगळे करतं. त्यामुळे दोन एका रकान्यात जातात आणि पाच शेजारच्या! बेचाळीस बाळांची वजनं मी रोज सकाळी हाताने जोडते. दोन तास जातात. खरं तर त्या वेळात मला नुकत्याच आई झालेल्या बायकांना नाजूक बाळ कसं धरायचं ते शिकवायचं असतं. रकान्यांमध्ये अर्धविराम घालायची सोय कराल का?’

“मग तू काय कळवलंस?”

“आमच्याकडे तर चालतंय. तुम्ही लिहायची पद्धत बदला. तक्रार बंद!” झटपटने टाळी वाजवली.

आत्या कात्री पुढे करून म्हणाली, “एवढी बाही कापून दे. रेघेवरून.”

त्याने कात्री चालवली. कापड पात्यांमध्ये दुमडलं. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. “आत्या, हिला धारच नाही!”

आत्याने कात्री डाव्या हातात घेतली आणि सरसर बाही कापून काढली. “माझ्याकडे तर चालतंय! तू तुझा हात बदल.”

झटपटचा चेहरा पडला. आत्या डावरी आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. कात्रीही डावरी असते, हे मात्र आज कळलं.

“शिवण शिकायला गेले तेव्हा सगळ्या कात्र्या उजव्या,” आत्या म्हणाली. “तीन वर्षं कापड नासलं, बोलणी खाल्ली. मला वाटायचं, माझ्या हातातच खोट आहे. मग कात्र्या घडवणाऱ्या एका म्हाताऱ्याने उलट्या पात्यांची ही कात्री करून दिली. त्याचा एक दिवस गेला रे. माझं सगळं आयुष्य सोपं झालं!”

“पण आत्या, मी स्वल्पविराम काढला तर बाकीच्यांचं बिघडेल.”

“त्या म्हाताऱ्याने काय जगातल्या सगळ्या कात्र्या उलट्या केल्या? एक जास्तीची केली.”

झटपटला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

सोमवारी त्याने बंद केलेली तक्रार उघडली आणि आधी लिहिलं, ‘माफ करा, चूक माझी आहे.’ मग कामाला लागला. काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. चार दिवस गेले. पण ज्याला स्वल्पविराम हवा त्याला तो पूर्वीसारखाच मिळू लागला आणि एक जास्तीचा शब्द टाइप केला की अर्धविराम!

आठवडाभरात एकच तक्रार मिटली, म्हणून खुर्ची गेली. झटपट दारापाशी जाऊन बसला. येणाराजाणारा प्रत्येक जण त्याला धक्का देई. तिथेच त्याला नर्सचं उत्तर मिळालं.

‘आज आठ वाजता एका मिनिटात तक्ता झाला. साडेआठला एका आईने आपलं बाळ पहिल्यांदा छातीशी धरलं. ती रडत होती, मी हसत होते. बाळ ढाराढूर झोपलेलं. वजन २,५!’

झटपट असा ओरडला की खिडकीतला नवा मानकरीही खुर्ची सोडून धावत आला. सगळ्यांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं. झटपटने डोळे पुसत आत्याला फोन लावला.

“आत्या, चालतंय!”

“कुणाकडे?”

“त्यांच्याकडे!”

पलीकडून आत्याचं खळाळतं हसू ऐकू आलं.

मंडळी, आपल्याला जे हाताला बसतं ते सगळ्यांच्या हाताला बसेलच असं नाही. अडलेल्या माणसाला शहाणपण शिकवण्याआधी आपली कात्री एकदा त्याच्या हातात देऊन बघू या. कापड दुमडलं, तर दोष त्याच्या हाताचा नाही!