गाभण गाढवीचं रक्त

"पोट पाडावं लागेल," मी म्हणालो आणि इंजेक्शनची चिठ्ठी लिहायला घेतली.

वीटभट्टीवरचे मामा गाढवीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. सात महिन्यांची गाभण. चार दिवस नीट खात नव्हती, जागची हलत नव्हती, टेम्पोत घालून आणावी लागली होती, आणि रिपोर्टात लाल पेशी कमी.

"रक्त आटलंय तिचं. पिल्लू ठेवलं तर दोघंही जातील."

"डॉक्टर, नऊ वर्षांत पहिल्यांदा राहिलंय हो तिला," मामा म्हणाले.

तेवढ्यात आतून लॅबच्या बाई आल्या. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या एकोणीस वर्षं रक्त तपासत होत्या. मी रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. उतावळेपणात मात्र मी कुणाला हार जाणारा नव्हतो.

"साहेब, हिचे आकडे कशाशी ताडलेत?"

"भिंतीवरच्या तक्त्याशी."

"तो घोड्याचा आहे."

"घोडा काय न्‌ गाढव काय, उन्नीस-बीस!"

"गाढवाच्या लाल पेशी मुळातच कमी असतात. त्यात ही गाभण. पोटुशी बाई आणि कुमारी मुलगी एकाच मापानं मोजाल का?"

त्यांनी एक वही माझ्यापुढे ठेवली. खूर कापायला, लस टोचायला येणारी प्रत्येक धडधाकट गाभण गाढवीण बाईंनी मालकाला विचारून तपासली होती. कितवा महिना, लाल पेशी किती, हिमोग्लोबिन किती, पुढे पिल्लू कसं झालं. अशा त्रेचाळीस जणी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकीही दिली नव्हती. साहेबलोक हसायचे, म्हणे गाढवांची जनगणना चाललीय.

सातव्या महिन्याच्या पानावर मी बोट फिरवलं. मामांच्या गाढवीचे आकडे त्या रांगेत अगदी चपखल बसत होते. तिच्या रक्ताला काहीही झालं नव्हतं.

"मग खात का नाही ही?" माझा आवाज खाली आला होता.

"ते तुम्ही शोधायचं. डॉक्टर तुम्ही आहात."

मी खाली बसलो आणि एकेक पाय उचलून बघू लागलो. आधी हेच करायला हवं होतं. मागून बाई पुटपुटल्या, "अडला हरी." मामांना तशातही हसू फुटलं. मागच्या उजव्या खुरात पू झाला होता. हात लावताच ती कळवळली. खूर कोरून पू काढला, पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी ती टोपलीभर चारा खाऊन वर आणखी मागत होती.

चिठ्ठी मी तेव्हाच फाडली होती. घोड्याच्या तक्त्याशेजारी बाईंच्या अक्षरातला दुसरा तक्ता लावला. आजही दवाखान्यात कुणी पाहुणा आला की रक्त तपासायचं नवं मशीन दाखवण्याआधी मी त्याला बाईंपुढे नेऊन उभा करतो. माझी फजिती मीच रंगवून सांगतो आणि सांगताना माझीच छाती फुगते.

त्या दिवसानंतर पाच महिन्यांनी मामा पुन्हा आले. मागे गाढवीण, तिला चिकटून लांबच लांब पायांचं पिल्लू. मी कौतुकानं पुढे झालो, तर मामा मला ओलांडून थेट लॅबच्या दाराशी गेले.

"ताई, जरा बाहेर या."

बाई हात पुसत आल्या. पिल्लानं त्यांचा पदर हुंगला आणि तोंडात धरला.

"रक्त घ्यायचं का याचं?" मी विचारलं.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "दिसतंय की."

पदर न सोडवता त्या तशाच उन्हात उभ्या राहिल्या.