उजव्या नाकातली नथ

कॉलेजातल्या वेशभूषेच्या इतिहासाच्या विषयासाठी संदर्भग्रंथ निवडून देण्यात चैतालीचा फायदा सरळ होता: यादी मान्य झाली की तासिका तत्त्वावरची नोकरी संपून पूर्ण वेळेची ऑर्डर. प्राचार्या मोहिनी मॅडमनी तसं अर्धं कबूल केलं होतं. उरलेलं अर्धं त्यांच्या लाडक्या पुस्तकावर अडलं होतं. ते द्वारका चौकातल्या पुस्तकविक्रेत्या राकेशने आणलेलं, पाटाएवढं जाड आणि इतकं चकचकीत की मॅडमनी त्यात एकदा केसही सारखे केले असावेत.

"तपासणी समिती आली की हेच टेबलावर ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फक्त सही करा."

चैताली धोरणी. सहीआधी तिने पुस्तकातला जुना फोटो समोर ठेवून पुतळ्याला नऊवारी नेसवली. वावगं काही दिसलं नाही, आणि न दिसणंच सोयीचं होतं. पेन उघडलं, तेवढ्यात शिपाई विमलाबाई चहा घेऊन आल्या. पिंपळगावच्या, जन्म नऊवारीत गेलेला.

"ताई, पदर उजव्या खांद्यावर का हो?"

"पुस्तकात तसाच आहे, मावशी."

विमलाबाईंनी फोटोवर बोट टेकवलं. "पदराचं एक वेळ चालंल, गुजरातची सून असंल. पण नथ उजव्या नाकात हाय. आपल्याकडं अशी बाई मी तरी नाय पाहिली."

चैतालीने मोबाईलवर त्याचा फोटो काढून आरशातल्यासारखा उलटा करून पाहिला. नथ डावीकडे, पदर डावीकडे. छापणाऱ्यानेच तो उलटा छापला होता. पुढची पानं चाळली, तर अख्खं प्रकरण तसंच.

सही केली तर ऑर्डर. पण साठ मुली उलटं नेसायला शिकणार. तिने जरा वेळ चहा ढवळला, मग पेनाला टोपण लावलं आणि पुस्तक उचलून मॅडमकडे गेली. विमलाबाईंनाही बरोबर घेतलं.

नथ दाखवल्यावर मॅडमनी पुस्तक जवळ ओढलं.

"समितीत दोन बायका आहेत," त्या पुटपुटल्या. "आणि नाकं दोघींनाही आहेत. मग घ्यायचं काय?"

"रेखाचित्रांचं ते पातळ पुस्तक. आणि दर गुरुवारी मावशींचं प्रात्यक्षिक."

"मी शिकवायला उभी राह्यले तर चहा कोण करंल?" विमलाबाई म्हणाल्या.

शेवटी पुस्तक परत नेण्याचं रिक्षाभाडं राकेशने भरलं. मॅडमच्या टेबलावरचा चकचकाट गेला. ऑर्डर चैतालीला मिळाली, आणि किंमतही तिनेच मोजली: दर गुरुवारी स्टाफच्या बावीस जणांचा चहा ती करते, आणि साखर कमी पडल्याचं विमलाबाई भर वर्गात सांगतात.