चार बाटल्या

"हा डबा कुणाचा?" अन्नसुरक्षा खात्याच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं.

"माझ्या बायकोचा. विकायचा नाही तो, अम्मा."

"सगळे हेच म्हणतात, सार." त्यांनी झाकण उघडलं. "कॉफीची पूड. लेबल कुठंय?"

खात्याची माणसं आमच्या वीथीत, या दुकानांच्या रस्त्यावर, येणार हे आठवडाभर ठाऊक होतं. जवळच्या साक्कोट्टै गावातलं एक दुकान त्यांनी बंद केलं होतं. शेजारचे पितळी भांडीवाले हनुमंतराव रोज सकाळी येऊन सांगत, "आज नाही आले. म्हणजे उद्या."

मी नवी लेबलं छापून घेतली होती. कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के, पुडीवर पुढच्या बाजूला ठळक. आता मी तोलून मिसळतो, सत्तर आणि तीस. गिऱ्हाइकं पुडी घेतात आणि काही न बोलता जातात.

धनलक्ष्मी कधी तोलत नसे. दळलेली पूड तळहातावर घेऊन हुंगायची, मग मुठीनं चिकोरी घालायची. मी प्रमाण विचारलं की म्हणायची, "तुम्हांस सांगून कळतंय काय? तुम्ही यंत्र फिरवा." छत्तीस वर्षं मी यंत्र फिरवलं.

ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, ती गेली. हा डबा तिनं शेवटचा मिसळलेला. घरीच होता. सून कीर्तना त्यातली पूड आल्यागेल्याच्या कॉफीला काढू लागली. तिला नको म्हणणं मला जमलं नाही. म्हणून डबा दुकानात आणून गल्ल्यामागे ठेवला. रोज दुकान उघडलं की झाकण काढायचो, थोडा वेळ थांबायचो, परत लावायचो.

हे मी बाईंना सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या.

"घरी असता तर मी बघितलाही नसता," त्या म्हणाल्या. "दुकानात आहे म्हणजे विक्रीचा. नमुना घ्यावा लागेल."

त्यांनी गल्ल्यावर चार कोरड्या बाटल्या मांडल्या.

"एकच भरा," मी म्हणालो.

"चार भाग करावेच लागतात, सार."

पहिली बाटली भरली. दुसरी भरली. चौथीला डबा उलटा करून तळ ठोकावा लागला. मग बाटल्या कागदात गुंडाळल्या, दोरा बांधला, मेणबत्तीवर लाख वितळवून मोहोर उठवली. पितळेच्या दुकानापर्यंत जळक्या लाखेचा वास गेला.

"मिश्रणाचं प्रमाण?" बाईंनी फॉर्मवर पेन टेकवलं.

सत्तर-तीस जिभेवर आलं होतं. तिच्या पुडीला माझा आकडा लावणं बरं वाटलं नाही.

"माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. मग त्यांनी लिहिलं, माहीत नाही.

साक्षीदार म्हणून हनुमंतरावांना बोलावलं. "तुमच्या लग्नात जेवायला बोलावलंत," ते मला आपल्या घरच्या मराठीत हळूच म्हणाले, "सहीला आज." त्यांची सही वाकडी आली.

"निकाल चौदा दिवसांत," बाई म्हणाल्या. "तोवर दुकान चालू ठेवा. पुढचं अहवालावर." चार बाटल्या पेटीत घालून त्या पुढच्या दुकानात गेल्या.

ओतताना गल्ल्यावर चमचाभर पूड सांडली होती. हनुमंतराव खांद्यावरच्या पंच्यानं पुसायला गेले. मी त्यांचा हात धरला. एक कोरं लेबल घेतलं, पूड त्यात लोटली, घडी घातली.

पुडी मी शर्टाच्या खिशात ठेवली. दुकानात ठेवली नाही.