पलंगाचा दिवस

“शाब्बास, डीडी! तू फार छान शिकते आहेस,” टॅब बोलला.

डीडी तिथे नव्हतीच. ती पलीकडच्या दालनात कुणाची तरी ओली चादर बदलत होती. धुण्याच्या खोलीत मार्लिस ड्वोरॅक एकटी टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. टेबलावर मैत्रिणींचे टॅब ओळीने मांडलेले. एखादा “अजून आहेस ना?” असं विचारू लागला की ती घडी सोडून त्याच्यावर बोट टेकवायची.

“आहे रे बाबा, मेले नाही अजून,” ती पुटपुटायची.

रोसिओने दारातून डोकं आत घातलं. “माझं कुठवर आलं?”

“तू सध्या म्हाताऱ्यांना मानाने जेवण कसं भरवावं ते शिकते आहेस.”

“मग? पास झाले?”

“पहिल्या झटक्यात. हुशार आहेस हो!”

“मार्लिस, तू म्हणजे देव आहेस.”

“देव असते तर कमरेची ही गत झाली असती का? पळ आता, घंटा वाजते आहे कुणाची तरी.”

हिवाळ्यात एका धिप्पाड म्हाताऱ्याला सावरताना मार्लिसची कंबर धरली, तेव्हापासून ती कपड्यांच्या कामावर होती. नेब्रास्कातल्या या गावातलं एल्मवुड म्हणजे म्हाताऱ्यांचं शुश्रूषागृह. मार्लिस तिथे तरुणपणी लागली आणि तिथेच पिकली. ओमाहातल्या मालक कंपनीने यंदा सेविकांना शिकवायला ‘कोच’ आणला होता. कोच म्हणजे टॅबमधलं यंत्र. ते धडे दाखवायचं, प्रश्न विचारायचं, कोण किती शिकलं याचे आकडे मांडायचं आणि पुढे कोण चुकणार याचं भाकीतही करायचं. शिकलेल्या बाईच्या नावापुढे हिरवं वर्तुळ, मागे पडलेलीच्या पुढे लाल. लाल झालं की ऑफिसात बोलावणं. इथे माणसं इतकी कमी की सेविकांना दोन घास गिळायला फुरसत नव्हती, तिथे धडे कोण बघत बसणार? म्हणून मार्लिस सगळ्यांच्या वतीने शिकत होती. यात कुणाचं काही बिघडतंय असं तिला वाटलं नव्हतं.

खरं शिकणं एल्मवुडमध्ये वेगळ्याच तऱ्हेने व्हायचं. नवी मुलगी आली की मार्लिस तिला दिवसभर म्हाताऱ्यांसारखं पलंगावर झोपवायची. कठडे वर. अंगाखाली ओला डायपर. घंटा वाजवली तरी कुणी यायचं नाही. मग एकजण उभ्याउभ्या येऊन तिच्या तोंडात गार लगदा कोंबायची, वर दुसरीशी गप्पा मारत. मुली चिडायच्या, काही रडायच्या. डीडीने तर मार्लिसला शिव्या घातल्या होत्या. पण पलंगावरून उठलेली मुलगी नंतर कुणाला भरवताना आधी खुर्ची ओढायची. ते तिला सांगावं लागत नसे.

वसंतात कंपनीचा शिक्षणप्रमुख ट्रेंट पिझ्झाचे खोके घेऊन आला. दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून पांढरे. या बुटांनी तो इथल्या दालनांतून कधी चालला नसणार, हे मार्लिसने बघताक्षणी ओळखलं.

“पाच राज्यांत आपलं एल्मवुड पहिलं!” भिंतीवरच्या पडद्याकडे हात करून तो म्हणाला. पडदा हिरवागार झाला होता. “कोच म्हणतो, तुम्ही पोरी टॅबवर इतकं झकास शिकता की बाकी कशाची गरजच नाही. तेव्हा तो पलंगाचा दिवस आता बंद. नवी मुलगी पहिल्याच दिवशी थेट कामावर.”

“बंद कशाला?” मार्लिस म्हणाली.

“अगं, आकडे तपासलेत. पलंगावर झोपल्याने कुणाच्या गुणांत काडीचा फरक पडत नाही.”

मार्लिसने डीडीकडे पाहिलं. डीडीने पिझ्झात तोंड खुपसलं. रोसिओ रुमालाला हात पुसत राहिली. गुण सगळे मार्लिसच्या एका बोटाचे होते, त्यात फरक पडणार कुठून?  तिने तोंडातला घास रुमालात काढला. खरं बोलावं तर या सगळ्यांच्या पोटावर पाय येणार, म्हणून ती मूग गिळून बसली आणि त्याचीही तिला शिसारी आली.

कंबर जरा बरी झाल्यावर ती पुन्हा दालनात रुजू झाली. तोवर ब्रिन नावाची नवी मुलगी आली होती. पलंगावर न झोपलेली पहिली. वागायला गोड, कामाला चटपटीत. एका सकाळी ती मिसेस स्टोल्टेनबर्गना ओटमीलची लापशी भरवत होती. चर्चमध्ये जन्मभर ऑर्गन वाजवलेली ही बाई पक्षाघाताच्या झटक्यानंतर बोलू शकत नव्हती. ब्रिन तिच्या डोक्याशी उभी. एका हातात चमचा, दुसऱ्यात टॅब. म्हातारीने ओठ घट्ट मिटले.

“नको म्हणतात,” ब्रिनने टॅबवर बोट टेकवलं.

“बोलल्या का त्या?”

“तोंड मिटलं ना. कोच म्हणतो, दोनदा विचारायचं आणि ‘नकार’ लिहायचं.”

“अगं, खुर्ची घेऊन बस की जरा!”

“धड्यातली बाई उभीच असते,” ब्रिन निरागसपणे म्हणाली. “आणि माझं वर्तुळ हिरवं आहे, मार्लिस. पहिल्या दिवसापासून.”

रोजच्या या ‘नकारा’ने म्हातारीच्या गळ्याची हाडं वर आली होती. लग्नाची अंगठी बोटात राहत नव्हती, म्हणून लेकीने ती घरी नेली होती. मार्लिसच्या डोक्यात तिडीक गेली. पण ओरडणार कुणावर? या पोरीला जे शिकवलं ते ती चोख करत होती.

ट्रेंट त्या दिवशी ऑफिसातच होता. मार्लिसने दार लोटलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं.

“तुझे ते हिरवे आकडे खोटे आहेत. सगळ्यांचे धडे मी बोट टेकवून संपवले. पोरींना न सांगता, चोरून. त्यांचा काही दोष नाही. मला काढून टाक, पेन्शन अडव, काय करायचं ते कर. पण पलंगाचा दिवस परत चालू कर.”

ट्रेंट दचकला नाही. उठून त्याने दार नीट लावलं आणि हसला.

“मार्लिस, अगं, सगळीकडे हेच चालतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे, सगळ्या जणी एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच चालीने शिकतात हे कोचला कळत नाही असं वाटतं तुला? पहिल्या आठवड्यातच त्याच्याकडून संशयाची खूण आली होती.”

“तुला ठाऊक होतं?”

“मी ती खूण बंद केली. तुमच्याच भल्यासाठी. आता ते आकडे वरच्या साहेबांकडे गेलेत. त्यांच्या जोरावर कंपनीच्या सगळ्या शुश्रूषागृहांतली असली शिकवणी बंद झाली. ते मागे कोण घेणार?”

“तिकडे बाई उपाशी आहे रे.”

त्याने पडद्यावर नाव शोधलं. “उपाशी नाही. तिने नकार दिलाय. रोजची नोंद आहे.” मग आवाज मऊ करून म्हणाला, “तू काही बोलली नाहीस, मी काही ऐकलं नाही. माणसं मिळत नाहीत, तुला कोण काढतंय?”

मार्लिस बाहेर आली. आयुष्यभर तिने माणसांची घाण काढली होती. त्याची तिला कधी किळस वाटली नव्हती. आता मात्र वाटली. नोकरी पणाला लावून ती खरं बोलायला गेली होती आणि तिथे खऱ्याचं कुणाला काही पडलेलंच नव्हतं.

जेवणाची ताटं आली होती. मिसेस स्टोल्टेनबर्गच्या हनुवटीवर सकाळचं ओटमील वाळून चिकटलं होतं. मार्लिसने कोमट पाण्यात फडकं भिजवलं, डाग मऊ होऊ दिला आणि हलक्या हाताने पुसून काढला. मग खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“मी आहे, मिसेस स्टोल्टेनबर्ग. सावकाश घ्या. मला कुठे जायचं नाही.”

तिने चमचा ओठांशी नेला. म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं, ओठ मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. आता हा नकार खरा होता.

मार्लिसने ताटावर झाकण ठेवलं आणि तिथेच बसून राहिली.