उत्तरेकडचे ड्रिनन

दिलीपकाका केळसणकर सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या फ्लॅटवर उतरले ते एका बॅगेत कपडे आणि दुसरीत अख्खं घराणं घेऊन. निवृत्तीनंतर त्यांनी केळसणकरांचा कुलवृत्तांत हाती घेतला होता. कोकणापासून कॅनडापर्यंत सगळ्यांना पत्रं लिहून हैराण करून झालं, मुद्रितं तयार झाली, आणि आता सिंगापूरची शाखा जातीनं तपासायची म्हणून ते पुतण्याकडे आले होते. शाखा कसली, तीन माणसं. पद्माकर, त्याची बायको अनुजा आणि नऊ वर्षांची शिवांगी. शिवांगीला तान्ही असताना पुण्याच्या एका संस्थेतून आणलं होतं. ते कुणापासून लपवलेलं नव्हतं, तिच्यापासूनही नाही.

पुस्तकात आपलं नाव छापून येणार, हे तिनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ती सारखी काकांच्या मागेपुढे करायची. काकाही तिला हातानं बेसनाचे लाडू भरवायचे, पण तिच्या घरचं पान काही दाखवायचे नाहीत.

"तू एकदा स्पष्ट बोलून घे त्यांच्याशी," अनुजा पद्माकरला म्हणाली.

"बोलतो गं. काका काही तसे नाहीत."

पद्माकर हा असला माणूस. नको तो विषय पुढे ढकलण्यात पटाईत, आणि ऑफिसच्या फुशारक्या मात्र न विचारता मारणार. त्या संध्याकाळी आमटीभात कालवता कालवता त्यानं ड्रिननांची गोष्ट काढली.

त्याच्या कंपनीला एक आयरिश गिऱ्हाईक मिळालं होतं. जहाजांच्या सुट्या भागांवर गब्बर झालेला ड्रिनन नावाचा गृहस्थ. पुढच्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये जगभरच्या ड्रिननांचं संमेलन भरणार होतं, आणि तिथं लावायला त्याला नकाशा हवा होता. १९०१च्या जनगणनेत कुठल्या परगण्यात किती ड्रिनन होते, त्यांची वयं काय, धंदे काय, सगळं. डब्लिनच्या माणसांनी जुन्या नोंदी टाइप करून फ्लॉप्या पाठवल्या होत्या. पद्माकरचा प्रोग्राम त्या मोजून नकाशा रंगवायचा. जिथं वस्ती दाट, तिथं रंग गडद.

"दक्षिणेत सगळे शेतकरी, अगदी हवे तसे," पद्माकर रंगात आला. "आणि उत्तरेला, जिथं एकही ड्रिनन असायचं कारण नाही, तिथं हा मोठा डाग! ड्रिननसाहेब भडकला. मी खोलात गेलो. सगळे एकाच इमारतीत, एकजात लहान पोरं. अनाथालय होतं ते. बेवारस मुलांना तिथल्या अधीक्षकानं स्वतःचंच आडनाव लावून दिलेलं!"

"मग?" काकांनी घास हातातच धरला.

"मग काय? साहेब म्हणाला, हे आमचे नव्हेत, काढा. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, डाग साफ. नकाशा काय देखणा झालाय म्हणून सांगू!"

"वा," काका म्हणाले. "हिशेब स्वच्छ असावा."

अनुजानं ताट उचललं आणि ती आत गेली. शिवांगी भाताची शितं बोटानं ताटात एका रांगेत लावत बसली. पद्माकरला यातलं काही दिसलं नाही, कारण तो पुन्हा वाढून घेत होता.

सकाळी काकांनी आपण होऊन पान पुढे केलं. पद्माकर, पत्नी अनुजा, अपत्य नाही.

"काका, हे काय?" पद्माकरचा आवाज चढला. "शिवांगी कुठे गेली? आपल्याकडे दत्तक मुलगे लागतात की पुस्तकात!"

"ते भाऊबंदांतले, गोत्रातले." काका जराही चिडले नाहीत. "खरं सांगू? तिचं नाव मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. कितीतरी दिवस मनाचा निश्चय होत नव्हता. पोरगी गोड आहे रे. काल तुझं ऐकलं आणि सुटलो बघ एकदाचा. म्हटलं, शिकलासवरलेला माणूस, तोसुद्धा असंच करतो."

पानावर खरंच खोडरबराचा मळकट पट्टा होता.

"ते माझं काम होतं, काका!"

"हेही कामच आहे."

काकांवर ओरडावं तर कुठल्या तोंडानं? पद्माकरला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि ती वाटायला एक रात्र उशीर झाला होता. स्वयंपाकघराच्या दारात अनुजा उभी होती. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

शिवांगी माइलोचा कप घेऊन टेबलाशी आली. तिनं ते पान वाचलं. मराठी ती सावकाश, ओठ हलवत वाचायची.

"बाबा, दोज किड्स, यू डिलीट ऑलरेडी आह?"

"हो बेटा."

"देन नाउ दे वेअर?"

"फ्लॉपीवर आहेत. नकाशावर नाहीत, एवढंच."

तिनं थोडा विचार केला. घरात एरवी इंग्रजीशिवाय उत्तर न देणारी ती पोर, काकांनाही नीट कळावं म्हणून की काय, मराठीत म्हणाली,

"मग मला त्यांच्यात घाल. ते नाही म्हणणार नाहीत."